जुन्या वाद्याचा सौदा



खर्जाची साथ देणारी जुनी बेस गिटार विकणें वा घेणें हा विश्वासाचा व्यवहार आहे. तो कां, तें थोडक्यांत निवेदन करितों.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें 'प्रिसिजन बेस' हें वाद्य बाजारांत आणिलें. सूर नेमका लागावा म्हणून त्याच्या दांड्यावर पडदे बसविले होते. १९६५ मध्यें त्यांची कंपनी सी. बी. एस. नें विकत घेतली. त्यापूर्वींच्या वाद्यांस आज संग्राहक फार मोठी किंमत देतात. परंतु दांडा धडास चार स्क्रूंनीं जोडलेला असतो. सांध्याच्या आंत, दांड्याच्या बुंध्यावर, बहुधा तारीख सांपडते. पण ती केवळ दांड्याची. धड दुसऱ्याच वाद्याचें असूं शकतें! काय बदललें हें विकणारास ठाऊक असेल, तर तें न विचारतां सांगणें हें त्याचें कर्तव्य होय.

घेणारानेंही सावध असावें. दांडा सरळ आहे ना, पडदे झिजले नाहींत ना, तें पाहावें. दोन अ‍ॅम्प्लिफायर पारखतांना दोहोंचा आवाज प्रथम सारखा करावा. कारण मोठा आवाज कानास सरस भासतो. चारतारी वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करिते. तिचा सूर स्वच्छ उमटतो कीं फाटतो, हें ऐकावें.

आज घेणारा उद्यां विकणारा होतो. घेतांना जें सत्य ऐकावयाची इच्छा होती, तेंच विकतांना सांगावें.