पासवर्ड विसरला तरी हिशेब शाबूत

मैत्रिणींनो, गटाच्या उबुंटू कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरला की दुरुस्तीवाला म्हणतो, सगळं पुसून नव्याने टाकू. पुसू देऊ नका, कर्जाचा हिशेब त्यातच आहे! आम्ही करतो ते लिहून घ्या. मशीन चालू होताना शिफ्ट धरून ठेवायचं. नव्या मशीनवर एस्केप, एकदाच. यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, रिकव्हरी मोड, मग रूट. इथे डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असू शकते, म्हणून आधी टाइप करा: माउंट, जागा, वजा-ओ, जागा, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, जागा, तिरकी रेघ. एंटर. मग पासडब्ल्यूडी, जागा, खात्याचं नाव. नवा पासवर्ड दोनदा. अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नका. शेवटी रीबूट. मशीन हाती लागलेल्या कुणालाही हे जमतं, तेव्हा खोलीला कुलूप हवंच. डिस्कलाच वेगळा पासवर्ड असेल आणि तोही आठवत नसेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.