शिक्षेची पलटण

१९४२ च्या जुलैत डॉनकाठचे रोस्तोव शहर जर्मनांच्या हाती पडून सोव्हिएत सेना व्होल्गेच्या दिशेने हटू लागली, तेव्हा २८ तारखेस स्टालिनने २२७ क्रमांकाचे फर्मान काढले आणि हुकुमावाचून माघार घेणाऱ्यांसाठी दंडपथके उभारण्याची आज्ञा दिली. ही कल्पना शत्रूच्याच सैन्यातून उचलल्याची स्पष्ट कबुली त्या फर्मानात आहे. दोषी अंमलदाराचा हुद्दा व पदके काढून घेऊन त्यास दंड-बटालियनमध्ये, आणि साध्या शिपायास दीडशे-दोनशे जणांच्या दंड-कंपनीत, एक ते तीन महिन्यांच्या मुदतीने, आघाडीवरील सर्वांत बिकट जागी धाडले जाई. तेथे जखम झाली की रक्ताने अपराध फिटला असे मानून मुदतीपूर्वीच सुटका होई, म्हणजे माफीची सनद शत्रूच्या गोळीनेच लिहावयाची. शिस्तीवाचून सेना उभी राहत नाही, हे सर्वथा मान्य करूनही, मनुष्याच्या देहावर अशी वसुली लावणारा न्याय मला क्रूरच वाटतो. युद्धसमाप्तीपर्यंत ४ लक्षांहून अधिक माणसे या पथकांतून गेली. तुकड्यातुकड्यांपुढे वाचून दाखविलेले ते फर्मान सोव्हिएत नागरिकांना छापील स्वरूपात मिळाले ते मात्र १९८८ साली.