टर्बो लावायचाय? आधी हवेचा हिशोब करा
आजची गाडी आहे लेक्सस एलएस 400. 1989 ची आलिशान सेडान, 4 लिटरचं व्ही8 इंजिन, पण टर्बो नाही. मग हौशी लोक तो बाहेरून बसवतात.

गणित सोपं वाटतं. बाहेरच्या हवेचा दाब साधारण 1 बार. टर्बोने त्यात अर्धा बार घातला की सिलिंडरमध्ये जवळपास दीडपट हवा. पण मग पेट्रोलही दीडपट हवं ना! इंजेक्टर कमी पडले की मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते.

त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच 10:1. दाबलेली हवा तापलेली असते. ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हाच तो 'नॉक'. जोरात झाला तर काही सेकंदांत पिस्टन गेला! म्हणून इंटरकूलर लावतात, आणि बूस्टवर ठिणगी थोडी उशिरा पाडतात.

ट्यूनिंग म्हणजे ईसीयूमधल्या टेबलमधले हे आकडे बदलणं. आम्ही कोडवाले चुकलो तर रोलबॅक मारतो. वितळलेल्या पिस्टनला रोलबॅक नसतो, भावांनो. म्हणून पैसे आधी इंधन आणि ट्यूनिंगवर घाला, बूस्ट शेवटी वाढवा.

आणि हो, आपल्याकडे हात घालण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. भेटूच!