खेळणाऱ्या मुलांची जोखीम कोणी उचलावी?

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कामगारांपुढे केलेले भाषण)



कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉलला जे प्रेम लाभले, ते महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच आढळेल. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते. याच शहराचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला. त्याचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने पोचलेल्यांबरोबर मागे राहिलेल्यांचाही हिशेब मांडावयास हवा.

व्यावसायिक फुटबॉलच्या बाजारात उमेदवार हजारो आणि जागा मोजक्या. 2024-25 च्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये 13 संघ होते आणि त्यांतील काही जागा परदेशी खेळाडूंच्या. एवढ्या अवाढव्य देशातील मुलांसाठी उरल्या किती? तरीही कामगाराचा मुलगा बाराव्या वर्षापासून विशीपर्यंतचा काळ, म्हणजे धंदेशिक्षणाचा नेमका काळ, मैदानाला देतो. त्याचे बूट, आहार, प्रवास बापाच्या ओव्हरटाइममधून भागतात. यंत्रावर बोट गमावलेल्या कामगाराला कायदा भरपाई देतो. एकोणिसाव्या वर्षी गुडघा निकामी झालेला हा उमेदवार मात्र कायद्याच्या लेखी कामगारच नसतो.

जागतिक संघटनेच्या नियमांनुसार खेळाडूचे परदेशी संघाकडे मोबदला देऊन हस्तांतरण झाले, तर त्यातील 5 टक्के रक्कम त्याला 12 ते 23 या वयात घडविणाऱ्या संघांत वाटली जाते. म्हणजे घडविण्याला मूल्य आहे, हे बाजारही मान्य करतो. पण जो त्या पायरीपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या वर्षांचे मोल शून्य! आणि जे पोचले, त्यांचे तरी काय? व्यापारी हक्कांचा करार संपत आल्यामुळे जुलै 2025 मध्ये लीगचा नवा हंगाम स्थगित झाला, आणि काही संघांनी खेळाडूंचे वेतन थांबविले.

पूर्वी गिरण्या, कारखाने, रेल्वे, बँका यांचे संघ असत. फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता. त्या व्यवस्थेत दोष होते. तथापि खेळाबरोबर नोकरी मिळण्याची वाट तीत होती. महिंद्रचा संघ 2010 मध्ये व जेसीटीचा 2011 मध्ये बंद झाला, आणि ती वाट अरुंद होत गेली.

ती पुन्हा रुंद करण्याची साधने कायद्यातच आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांवर नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चण्याचे बंधन घातले; त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण क्रीडाप्रशिक्षण आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात. या दोहोंची सांगड घाला. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूला अर्धा दिवस यंत्रावर, अर्धा दिवस मैदानावर, विद्यावेतनासह ठेवा. दुखापतीचा विमा उतरवा. खेळ संपला तरी त्याच्या हाती कसब राहील असे पाहा. नियम आड येत असतील, तर ते बदलून मागा.

खेळावे की पोटाचे पाहावे, हा प्रश्न मालकाच्या मुलाला पडत नाही. तो तुमच्या घरी पडतो. म्हणून पुढच्या मागणीपत्रकात वेतनवाढीशेजारी हेही एक कलम लिहा.