गडग्यापलीकडचें अंगण



पावसाळा सरून आश्विन लागला, म्हणजे आमच्या मालवण किनाऱ्याचें रूप पालटतें. चार महिने गढूळ असलेला समुद्र निवळतो, आकाश धुतलेल्या वस्त्रासारखें स्वच्छ होतें आणि भाताचीं शेतें पिवळीं पडूं लागतात. शरदाच्या चांदण्याचें वर्णन कवींनीं पुष्कळ केलें आहे. त्यांत माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें भर घालण्याचें कारण नाहीं. मला या ऋतूचा दुसराच एक गुण आवडतो. शरद हा हिशेबाचा ऋतु आहे. पावसांत कोणता बांध टिकला आणि कोणता वाहून गेला, कोणती भिंत भिजली आणि कोणती वाट खचली, हें सारें आतां लख्ख उजेडांत दिसूं लागतें. अशा वेळीं घर, देव, देश आणि गांव यांच्याशीं असलेल्या आपल्या नात्याचाही हिशेब मांडून पाहावा, या हेतूनें मी आज आपल्यापुढें बोलत आहें.

आरंभ घरापासून करूं. कोंकणांत घरापुढच्या अंगणाला खळें म्हणतात. पावसानें हें खळें उखडून जातें, त्यावर शेवाळ धरतें, गवत माजतें. नवें भात घरीं येण्यापूर्वीं घरांतील लहानथोर मंडळी तें तासतात, नवी माती घालून चोपतात आणि शेणानें सारवून काढतात. नातवंडें माती वाहतात आणि ती सपाट झाली कीं नाहीं, हें आजोबा पाहतात. मग तुळशीवृंदावनाला रंग चढतो आणि दिवाळीची पणती त्या खळ्यांत उजळते. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं मातीच्या जागीं लादी आली. तरी झाडण्याचा, सजविण्याचा उत्साह कमी झालेला नाहीं.

परंतु हा उत्साह कोठपर्यंत पोंचतो? गडग्यापर्यंत. जांभ्या दगडांची, चुन्यावांचून रचलेली जी कुंपणाची भिंत आमच्याकडे असते, तिला गडगा म्हणतात. झाडणाऱ्या बाईची केरसुणी गडग्यापाशीं थांबते, आणि पुष्कळदां खळ्यांतला केर गडग्यावरून पलीकडे जातो. पलीकडे पाणंद असते, व्हाळ असतो, त्याहून पुढें समुद्राची पुळण असते. तें अंगण कोणाचें? मला आज एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाला एक उत्तर दिलें होतें. तें अंगण देवाचें, असें ते म्हणत. दिवाळीच्या पाडव्याला मालवणचे ग्रामदैवत श्रीदेव रामेश्वर आणि श्रीदेव नारायण यांची पालखी देऊळवाड्याहून निघते. वायरी, मोरयाचा धोंडा, दांडी असा किनारा धरून ती जाते, काळबादेवीची भेट घेते आणि बाजारपेठेंत विसावते. त्या दिवशीं वाटेवरचें प्रत्येक घर आपल्या दारापुढचा रस्ता झाडतें, सडा घालतें, रांगोळी काढतें. देव दारावरून जावयाचा आहे, या एका भावनेनें केरसुणी गडगा ओलांडून बाहेर येते.

याहूनही मोठें उदाहरण आमच्याच तालुक्यांतील आचऱ्याच्या गांवपळणीचें आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला, कीं सारा गांव घरें बंद करून, गुरेंढोरें घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री उघड्या माळावर झोंपड्या उभारून राहतो. श्रीमंत-गरीब, सर्व जातिधर्मांचीं माणसें तेथें शेजारीं शेजारीं चुली मांडतात. या चालीमागच्या भुताखेतांच्या कथा कोणी खऱ्या मानो वा न मानो; हजारों माणसें एका शब्दासरशीं, कोणत्याही पहाऱ्यावांचून, एकत्र वागूं शकतात, ही गोष्ट मात्र डोळ्यांनीं पाहण्यासारखी आहे. श्रद्धेचें हें सामर्थ्य मी मनापासून मानतों.

पण हिशेब पुरा मांडावयाचा तर पाडव्याचा दुसरा दिवसही पाहिला पाहिजे. पालखी गेली कीं त्याच वाटेवर फटाक्यांचे कागद, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या पडून राहतात. देव त्या वाटेनें एक दिवस जातो. शाळेचीं मुलें, मासळीची पाटी घेतलेली बाई, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणारीं माणसें उरलेले तीनशें चौसष्ट दिवस जातात. त्यांच्या पायांखालची वाट झाडण्याइतके ते आपल्याला पूज्य वाटत नाहींत काय? ज्याला मूर्तींत देव दिसतो, त्याला त्या मुलांतही तो दिसला पाहिजे, असें आपले संतच शिकवीत आले आहेत. तेव्हां श्रद्धा कमी करा, असें मी म्हणत नाहीं. ती पाडव्यानंतरही चालू ठेवा, एवढेंच म्हणतों.

व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजींत ज्या अर्थीं एकच शब्द आहे, त्या अर्थीं मराठीनें दोन ठेवले आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवलों’ म्हटलें, तर ऐकणारा पंक्तीबाहेर राहतो. ‘आपण जेवूं’ म्हटलें, कीं त्याचेंही पान मांडलें जातें. आपल्या घरांत मुलाला ‘हें आमचें’ हा धडा फार लौकर मिळतो. आमचें घर, आमची विहीर, आमचा माड. ‘हें आपणां सर्वांचें’ हा धडा मात्र शिकवावयाचा राहून जातो. कुटुंब ही कर्तव्याची पहिली शाळा आहे, परंतु तिची इयत्ता गडग्यापाशीं संपतां कामा नये.

या शाळेवर आज एक संकटही आलें आहे. कोंकणचा माणूस पोटासाठीं मुंबईची वाट गिरण्यांच्या काळापासून धरीत आला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली आणि गांव एका रात्रीच्या प्रवासावर आला. चाकरमानी गणपतीला येतो, दिवाळीला येतो; घर चार दिवस गजबजतें आणि पुन्हां कुलूप लागतें. ज्या वाडींत मुलांचा गलबला होता, तेथें आतां म्हातारीं माणसें सांजवात लावतात. पडलेला गडगा रचावयास हात नाहींत, मग सामाईक वाट कोणी नीट करावी? सणाला येणाऱ्या मंडळींना माझें सांगणें आहे, कीं गांवाला नुसते पाहुणे म्हणून येऊं नका. आलेल्या चार दिवसांतील एक सकाळ गांवाच्या कामाला द्या, आणि मुलांना बरोबर घेऊन द्या. मुलाला गांवाची ओढ गोष्टींनीं जितकी लागते, त्याहून अधिक त्या मातींत हात घातल्यानें लागते.

आतां देशाविषयीं. देशभक्तीचा आमचा धडा समुद्रांतच उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजीमहाराजांनीं मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ केला. किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशीं त्या वेळीं पूजा झाली, असें परंपरा सांगते. हिरोजी इंदलकरांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन वर्षें काम चाललें. बेट सुमारें ४८ एकरांचें. त्याभोंवतीं वळसे घेत जाणारा तट सुमारें तीन किलोमीटरांचा. पायाचे दगड शिशानें सांधल्याचें सांगतात. आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. चहूंकडे खारें पाणी आणि मध्यें गोडें. राजाराममहाराजांनीं १६९५ सालीं बांधलेलें शिवराजेश्वराचें मंदिरही तेथेंच आहे. साडेतीन शतकें पश्चिम समुद्राच्या लाटा त्या तटावर आपटत आहेत. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

त्याच किल्ल्यासमोर, राजकोटाच्या किनाऱ्यावर, ४ डिसेंबर २०२३ रोजीं महाराजांच्या पुतळ्याचें अनावरण झालें आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं, नऊ महिनेही पुरे होण्यापूर्वीं, तो कोसळला. २०२५ सालीं तेथें नवा पुतळा उभा राहिला. दोष कोणाचा, हें ठरविणें माझें काम नव्हे. परंतु एका दृष्टिक्षेपांत मावणाऱ्या या दोन कामांकडे पाहून एक गोष्ट मनाला पटते. देशभक्ति समारंभाच्या दिवशीं मोजतां येत नाहीं. जो दगड कोणालाही दिसणार नाहीं, तोही नीट बसविण्यांत ती असते, आणि तिची परीक्षा चार महिन्यांचा पाऊस घेतो.

आमच्या जिल्ह्यानें अशी देशभक्ति पाहिली आहे. मे १९३० मध्यें शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मूठभर मिठासाठीं माणसांनीं लाठ्या खाल्ल्या. आणि याच भागांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं आपलें आयुष्य वेंचलें. रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम ठराविक जातींच्या कैद्यांवरच लादलें जाई. तें काम आपल्यालाही द्यावें, अशी त्यांची मागणी होती. तिच्यासाठीं त्यांनीं अन्न सोडलें, आणि डिसेंबर १९३२ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनींही त्यांच्यासाठीं उपोषण आरंभिलें. पुढें १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम उभारून आप्पासाहेबांनीं सफाईलाच धर्मकार्य मानलें. स्वराज्य आल्यावर पुष्कळांनीं सभा गाजविल्या. या विद्वान माणसानें संडास आणि खतखड्डे हातीं घेतले. मलमूत्र काढणें हा कोणा एका जातीचा भोग नाहीं, तें प्रत्येकाचें काम आहे, हें त्यांनीं हातांनीं करून दाखविलें. गडग्यापलीकडचें अंगण कोणाचें, या प्रश्नाचें याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाहीं.

हें बीज वायां गेलेलें नाहीं. २०१६ सालच्या ग्रामीण स्वच्छतेच्या केंद्रीय सर्वेक्षणांत सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनें तर घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यावयास आरंभ करून, जेथें पूर्वीं कचऱ्याचे ढीग होते, त्या जागीं बाग फुलविली. तेथें कांहीं जादू घडली नाहीं. प्रत्येक गृहिणीनें आपल्या ओट्याशेजारीं एकाऐवजीं दोन भांडीं ठेवलीं, हेंच त्याचें मर्म.

याच ऋतूंतील आणखी एक काम सांगतों. आमच्याकडे पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखांत कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गांठतात. कारण उघड आहे. सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद व उतरती, जांभा दगड सच्छिद्र, व्हाळ आंखूड. पाणी आलें तसें धांवत समुद्राला मिळतें. म्हणून जुन्या काळापासून लोक कार्तिकांत दगड, माती आणि झाडांच्या फांद्या घालून व्हाळ अडवीत आले. आज रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून तेंच काम होतें. अडलेलें पाणी जमिनींत मुरतें, आसपासच्या विहिरींना झरे राहतात, वायंगणीच्या भाताला व भाजीपाल्याला ओल मिळते. यास मोठा पैसा लागत नाहीं. पंधरावीस माणसांचे हात आणि एक दिवस लागतो. अडचण एवढीच, कीं तो व्हाळ कोणाच्याही सातबाऱ्यावर नसतो, म्हणून पुष्कळदां कोणीच येत नाहीं. किनाऱ्यावरची रापण ओढतांना असें होत नाहीं. दोराला हात लावील त्याला मासळीचा वांटा मिळतो, हें सर्वांना ठाऊक असतें. विहिरीचें पाणी हाही एक वांटाच आहे. तो वैशाखांत मिळतो, म्हणून कार्तिकांत दिसत नाहीं, इतकेंच.

आपल्यापैकीं बहुतेक श्रोते शहरांत राहणारे आहेत. तेथें गडगा नसतो. बिऱ्हाडाचा दरवाजा हाच गडगा. त्याच्या बाहेरचा जिना, गल्ली, गटार, कोपऱ्यावरचा नळ हें तुमचें पलीकडचें अंगण. ग्रामसभेला किंवा प्रभागाच्या सभेला जाऊन बसणें, हिशेब विचारणें आणि आपल्या वांट्याचें काम अंगावर घेणें, हें कंटाळवाणें वाटतें खरें. पण मतदानाच्या दिवसाइतकेंच तेंही स्वराज्याचें काम आहे. दिवाळीच्या फराळाचें ताट शेजाऱ्याकडे पाठवितों, त्याबरोबर एक निरोपही पाठवावा : येत्या रविवारीं सकाळीं आपण सारे मिळून अमुक एक काम करूं. निरोपांत ‘आपण’ हा शब्द मात्र विसरूं नये.

आमच्या गांवीं हा निरोप कार्तिकी पौर्णिमेच्या आंत जावा लागतो. उशीर झाला, तर अडवावयास व्हाळांत पाणी उरत नाहीं.