मागास भागात उद्योग : कोणाच्या अटींवर?

(वाराणसी येथील मराठी भाषक रहिवासी आणि कामगार कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

काशीत मराठीतून बोलताना परकेपणा वाटत नाही. पेशवाईच्या काळापासून येथील घाटांवर मराठी कुटुंबे नांदत आली. 'आज' या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले बाबूराव विष्णु पराडकर याच शहरातील मराठी घराण्यात जन्मले. परंतु महाराष्ट्र आणि पूर्वांचल यांना जोडणारा याहून बळकट धागा श्रमाचा आहे. भिवंडी आणि मालेगाव येथे माग चालविणाऱ्या मोमीन-अन्सारी विणकरांपैकी अनेकांचे पूर्वज १८५७ नंतरच्या दशकांत याच भागातून पोटासाठी दक्षिणेकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत जो ऐतिहासिक संप सुरू झाला, त्यातील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांत कोकणच्या आणि घाटावरच्या कामगारांबरोबर उत्तर प्रदेशचा कामगारही होता. म्हणून पूर्वांचलात रोजगार का नाही, हा प्रश्न एकट्या पूर्वांचलाचा नाही. तो आपलाही आहे.

मागासलेपण कसे घडले?

१९६२ साली गाझीपूरचे खासदार विश्वनाथसिंह गहमरी यांनी लोकसभेत या भागाच्या दारिद्र्याचे वर्णन केले. येथील माणसे बैलांच्या शेणातून धान्याचे दाणे वेचून, धुऊन खातात, हे त्यांनी सांगितले तेव्हा सभागृह सुन्न झाले. त्यानंतर पटेल अभ्यास पथक नेमण्यात आले. गाझीपूर, आझमगढ, देवरिया आणि जौनपूर या जिल्ह्यांविषयीचा त्याचा अहवाल १९६४ साली आला. आज त्याला ६० वर्षे उलटून गेली आहेत. पण मुंबईकडे आणि सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांतील गर्दी ओसरलेली नाही.

हे दैव नव्हे, यामागे धोरण आहे. १९५० च्या दशकात केंद्राने पोलाद आणि कोळसा यांच्या वाहतुकीचे दर देशभर समान केले. खाणीपासून हजार मैल दूर असलेल्या कारखानदाराला पोलाद त्याच किमतीत मिळू लागले, आणि खाणींच्या शेजारच्या पूर्व भारताचा नैसर्गिक लाभ हिरावला गेला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मोडीत निघाले, तोवर कारखानदारीचा कल पश्चिमेकडे पक्का झाला होता. त्याचा लाभ महाराष्ट्राच्या भांडवलदारांना झाला, हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याच महाराष्ट्रात विदर्भ आणि मराठवाडा मात्र मागे राहिले. १९८४ साली दांडेकर समितीने राज्यातील अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. समितीने तो मोजला सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, पाणीपुरवठा यांच्या मापाने. ज्या भागात या गोष्टी नाहीत, तेथे कारखान्यांना कितीही आवतणे धाडली तरी त्याने विकास साधत नाही.

सवलतींचा हिशेब

आवतणाचा मार्ग आपण पुष्कळ चालून पाहिला आहे. महाराष्ट्राने १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापिले आणि १९६४ साली सवलतींची योजना आणली. केंद्र सरकारने १९७१ पासून मागास जिल्ह्यांतील नव्या कारखान्यांना भांडवली अनुदान दिले; ते १९८८ साली बंद झाले. अनुदान मिळत होते गुंतविलेल्या भांडवलाच्या प्रमाणात. किती माणसे कामाला लावली याच्या प्रमाणात नव्हे. तेव्हा भांडवलदाराने यंत्रे वाढवावीत आणि माणसे कमी ठेवावीत, हे ओघानेच आले. सवलतीची मुदत संपताच शेडला कुलूप लागल्याची उदाहरणे प्रत्येक राज्यातील कामगारांना ठाऊक आहेत.

आज तेच चित्र अधिक भव्य पडद्यावर दाखविले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये लखनौ येथील गुंतवणूकदार संमेलनात सुमारे ३३.५ लाख कोटी रुपयांच्या प्रस्तावांची घोषणा झाली. कागदावरील प्रस्ताव आणि उभा राहिलेला कारखाना यांत फार अंतर असते. आणि कारखाना उभा राहिला, तरी तो कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. राजस्थानच्या वाळवंटात भडला येथे २,२४५ मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान उभारले गेले. देशाला स्वच्छ वीज हवी, याबद्दल वाद नाही. परंतु हजारो एकर जमीन व्यापणाऱ्या या प्रकल्पाला उभारणीनंतर माणसे थोडीच लागतात, आणि गुरे-मेंढ्यांवर जगणाऱ्या वाळवंटी माणसाचे चराईचे रान मात्र आक्रसते. मेगावॅटचा आकडा म्हणजे गावाचा विकास नव्हे.

दोन उदाहरणे

याच शहरात वेगळ्या वाटेचे उदाहरण उभे आहे. खासगी भांडवल जेथे यायला तयार नव्हते तेथे सार्वजनिक क्षेत्र आले. मंडुवाडीहच्या डिझेल रेल्वे-इंजिन कारखान्याची पायाभरणी १९५६ साली झाली आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. वसाहत, शाळा, रुग्णालय, कुशल कामगारांच्या पिढ्या आणि लहान पूरक उद्योग हे सारे त्यातून घडले. २०२० साली त्याचे नाव बनारस रेल्वे-इंजिन कारखाना झाले; आज तेथे विजेवर चालणारी इंजिने तयार होतात. सार्वजनिक उद्योग काळाबरोबर बदलू शकत नाही, हा अपप्रचार या कामगारांनीच खोटा ठरविला. २०१९ साली रेल्वेच्या उत्पादन कारखान्यांचे महामंडळात रूपांतर करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कामगार कुटुंबांसह रस्त्यावर आले, ते याच कमाईच्या रक्षणासाठी.

दुसरे उदाहरण सहकाराचे. वाळवंटाच्या आणि रणाच्या कडेला वसलेल्या गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा. तेथील पशुपालकांनी १९६९ साली जिल्हा दूध उत्पादक संघ उभारला. त्याच बनास डेअरीने वाराणसीजवळ करखियाँव येथे दुधाचा प्रकल्प आणला. ३० एकरांवरील, रोज ५ लाख लिटर क्षमतेच्या या सुमारे ४७५ कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२१ मध्ये आणि उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. कोरड्या मुलखातील शेतकरी संघटित झाला की उद्योग त्याच्या मालकीचा होतो, हा बनासकांठ्याचा धडा. मात्र पूर्वांचलचा पशुपालक त्या प्रकल्पाला केवळ दूध घालणार, की सभासद म्हणून कारभारातही भाग घेणार? खरा प्रश्न तो आहे.

विणकराचा प्रश्न

नवे उद्योग बोलावणाऱ्यांनी येथे शतकानुशतके असलेल्या उद्योगाकडे पाहावे. मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा, लोहता येथील मागांवर बनारसी साडी विणली जाते. विणकर गिरस्ताकडून सूत घेतो आणि नगावर मजुरी घेतो. गिरस्ता माल गद्दीदाराला देतो. साडीची किंमत चढते, विणकराची मजुरी मात्र जागच्या जागी राहते. १९८५ च्या कायद्याने २२ वाण हातमागासाठी राखून ठेवले होते. १९९६ साली ते ११ वर आणले गेले. २००१ पर्यंत आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि यंत्रमागावरील नकली मालाबरोबर परदेशी मालाशीही सामना सुरू झाला. २००९ साली बनारसी वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाचा लाभ पेढीवर अडतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५ हजार रुपयांच्या आत असल्याचे आढळले. २०१७ साली बडा लालपूर येथे व्यापार सुविधा केंद्राची भव्य इमारत उभी राहिली, आणि २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झाले. २००६ पासून यंत्रमागवाल्या विणकरांना मिळणारी ठोक दराची वीज बंद करण्याचा निर्णय आला, तेव्हा २०२० साली त्यांनी 'मुर्री बंद' पुकारला. त्या संपात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. मागाचा खडखडाट थांबला की दोघांचीही चूल थंडावते.

आपल्या मागण्या

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. आपण उद्योगांच्या विरुद्ध नाही. जनतेच्या पैशाने पोसलेल्या नफ्याच्या विरुद्ध आहोत.

एक, दिलेली प्रत्येक सवलत कायम नोकऱ्या आणि किमान वेतन यांच्याशी जखडलेली असावी. अट मोडणाऱ्याकडून ती वसूल व्हावी.

दोन, मागास भागांत सार्वजनिक गुंतवणूक आधी यावी : पाणी, वीज, रेल्वे, तंत्रशिक्षण.

तीन, विणकरांना सूत, वीज आणि विक्री यांसाठी त्यांच्याच ताब्यातील सहकारी संस्था मिळाव्यात, आणि नगामागील मजुरीचा दर जाहीर व्हावा.

चार, परप्रांतात गेलेल्या श्रमिकाला तेथे शिधा, निवारा आणि संघटनेचा हक्क मिळावा.

मित्रहो, भांडवल सवलत जेथे मिळेल तेथे जाते. म्हणून एका राज्याच्या कामगाराला दुसऱ्या राज्याच्या कामगाराविरुद्ध उभे करणे हा त्याचा जुना डाव आहे. भिवंडीचा माग आणि बनारसचा माग एकच मजुरी मागू लागले, तर हा डाव उधळला जाईल. ते काम संघटनेचे आहे, आणि ते आपणच केले पाहिजे.