जन्मानें थाई, कागदानें परका

राष्ट्रीयत्व हें कोणी दिलें म्हणजे मिळतें, अशी पुष्कळांची समजूत असते. परक्या देशांत जाऊन स्थायिक झालेल्या माणसाच्या बाबतींत ती खरीहि आहे. परंतु थाई आईच्या किंवा थाई बापाच्या पोटीं जन्मलेल्या माणसाला थायलंडकडे राष्ट्रीयत्व मागावयाचें नसतें. तें जन्मापासून त्याचेंच असतें. त्याला फक्त तें सिद्ध करावयाचें असतें. हा ‘फक्त’ शब्द दिसण्यांत लहान आहे. पण ज्याच्या जन्माची नोंदच त्या देशांत कोठें नाहीं, अशा तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाचीं कित्येक वर्षें तो खाऊन टाकतो.

समजा, ईशान्य थायलंडांतील एका खेड्यांत एक मुलगा सुइणीच्या हातीं घरींच जन्मला. आई त्या गांवची, बाप परदेशी. गांवच्या प्रमुखाकडे वर्दी द्यावयाची ती राहून गेली. पुढें बापानें आपल्या देशाच्या दप्तरीं उशिरां कां होईना नोंद करविली आणि मुलगा तिकडचा नागरिक म्हणून वाढला. आतां आई थकली आहे. तिचें लांकडी घर आहे, भाताचीं दोन खाचरें आहेत, आणि तीं मुलाला मिळावींत अशी तिची इच्छा आहे. परंतु परदेशी माणसाला थायलंडांत जमीन सामान्यतः आपल्या नांवें करतां येत नाहीं. आईच्या उशाशीं बसावयाचें तर राहण्याचा परवाना, पोटासाठीं काम करावयाचें तर त्याचा निराळा परवाना! ज्या मातींत नाळ पुरली, तेथेंच तो पाहुणा ठरतो.

कायदा मात्र त्याच्या विरुद्ध नाहीं. मूळ कायदा १९६५ सालचा. त्यांत पूर्वीं एक मोठी विषमता होती. थाई बापाचें मूल जगांत कोठेंहि जन्मलें तरी थाई. पण थाई आईचें मूल देशाबाहेर जन्मलें आणि बाप परराष्ट्रीय असला, तर सामान्यतः तें थाई नव्हे. १९९२ सालीं ही विषमता दूर झाली, व ती सुधारणा आधीं जन्मलेल्यांसहि लागू करण्यांत आली, हें विशेष. अविवाहित थाई बापाच्या अपत्याची अडचण २००८ सालच्या सुधारणेनें कमी झाली. विवाहाची नोंद नसली तरी पितृत्व विहित रीतीनें सिद्ध झालें म्हणजे पुरे. या हक्काला वयाची मर्यादा नाहीं. जन्माची वर्दी १५ दिवसांच्या आंत द्यावी, असें १९९१ सालचा नोंदणीचा कायदा सांगतो. पण ती मुदत टळली म्हणजे फार तर १००० बाथपर्यंत दंड होतो, राष्ट्रीयत्व बुडत नाहीं. सज्ञान माणसाला आपल्या जन्माची वर्दी स्वतःहि देतां येते.

अडतें तें पुराव्यापाशीं. आपल्या तालुक्याच्या कचेरीसारखी तिकडे ‘अम्फो’ची कचेरी असते. तेथील अंमलदार आईची जबानी घेतो, शेजाऱ्यांची घेतो, शाळेचा किंवा दवाखान्याचा एखादा जुना कागद आहे काय तें विचारतो. सुईण हयात असेल तर तिच्या साक्षीला मोल आहे. पण सुइणी कांहीं अमर नसतात.

त्यांतून नांवांचा घोळ निराळाच. थाई लोकांत प्रत्येकाला एक घरगुती टोपणनांव असतें, आणि गांव जन्मभर त्याच नांवानें हांक मारतो. साक्षीदार शपथेवर टोपणनांव सांगतो. दप्तरांत तें नसतें. शिवाय मूळ नांव बदलण्याची चाल तिकडे सर्रास आहे. आडनांवें तर १९१३ सालच्या कायद्यानें आलेलीं. विवाहानंतर तेंहि बहुधा बदलतें. परदेशच्या कागदावर आईचें नांव रोमन लिपींत एका तऱ्हेनें, तिच्या पारपत्रांत दुसऱ्याच तऱ्हेनें. बौद्ध शकाचें वर्ष ख्रिस्ती वर्षाहून ५४३ नें पुढें. बेरीज-वजाबाकींत कोणी चुकला कीं मुलगा आईच्या विवाहाआधीं दहा वर्षें जन्मलेला दिसतो! म्हणून जाणते लोक आधीं आईच्या नांवबदलाचे दाखले आणि विवाहाचा दाखला एका ओळींत लावून घेतात, व मगच कचेरीची पायरी चढतात.

श्रोत्यांपैकीं एखाद्याला वाटेल कीं, आतां डीएनएची तपासणी असतां या जुन्या साक्षींचें काय काम? तपासणीनें पुष्कळ सोपें झालें आहे खरें. परंतु अमुक बाई अमुक माणसाची आई आहे, एवढेंच ती सांगते; ती बाई स्वतः थाई आहे हें दप्तरानेंच सांगावें लागतें, आणि जन्म कोणत्या दिवशीं झाला हें माणसांनींच. आई वारली असेल तर तिच्या सख्ख्या भावंडांशीं ताडून पाहतां येतें, पण तो पुरावा तितका निर्णायक नसतो. यासाठीं आई आहे तोंवर हें काम उरकणें, हाच त्यांतल्या त्यांत शहाणपणा.

दप्तराची सत्ता केवढी असते, याचें उदाहरण चिआंग माई प्रांतांतील मे आय येथें घडलें. २००२ सालीं तेथील १२४३ लोकांचीं नांवें कचेरीनें नोंदवहींतून एकाएकीं कमी केलीं. काल नागरिक असलेलीं माणसें आज परकीं झालीं. आपण येथलेच, हें पटवून देण्यासाठीं त्यांना झगडावें लागलें, आणि २००५ सालीं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें तीं नांवें पुन्हां दाखल करावयास लावलीं. एकदां नोंदलेल्यांची ही कथा; मग ज्याची नोंद मुळींच झाली नाहीं, त्याला अंमलदारानें संशयानें पाहिलें तर नवल नाहीं. मात्र संशय घेणें निराळें आणि वर्षानुवर्षें अर्जावर बसून राहणें निराळें. दुसऱ्याचें समर्थन करतां येणार नाहीं.

पुरावा पटला म्हणजे आईच्या घराच्या नोंदवहींत त्याचें नांव चढतें. ही वही थाई माणसांसाठीं निळी, परकीयांसाठीं पिवळी. निळ्या वहींत नांव आलें कीं तेरा आंकड्यांचा क्रमांक, ओळखपत्र, आणि मग पारपत्र.

बापाच्या देशाचें नागरिकत्व यामुळें जातें काय? जन्मतःच दोन्ही राष्ट्रीयत्वें लाभलेल्याला एक टाकण्याची सक्ती थायलंड करीत नाहीं. दुसऱ्या देशाचा कायदा मात्र ज्यानें त्यानें पाहिला पाहिजे. बाप भारतीय असेल व मुलगा भारतीय पारपत्र बाळगून असेल, तर त्यानें फार जपून पाऊल टाकावें. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. १९५५ च्या कायद्याप्रमाणें स्वेच्छेनें परदेशचें नागरिकत्व घेणाराचें भारतीयत्व संपतें, आणि परदेशचें पारपत्र काढणें हा त्याचा पुरावा धरला जातो. मुंबई-पुण्याच्या एखाद्या घरांत असा प्रसंग असेल, तर थाई पारपत्राच्या अर्जापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा. नंतर घेऊन उपयोग नाहीं.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरांत विसरली जाते. निळ्या वहींत आलेला तरुण हा सर्वांप्रमाणें लष्करी सेवेलाहि बांधला जातो. एकविसाव्या वर्षीं बोलावणें येतें. एप्रिल महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून चिठ्ठ्या काढतात; पुरेसे लोक आपण होऊन भरती झाले नाहींत, तर भांड्यांत हात घालावा लागतो. काळी चिठ्ठी निघाली तर घरीं जावयाचें, लाल निघाली तर फौजेंत.